ओझ्यासकट माप

सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल जमिनीला टेकवायचं ज्याला भय वाटतं, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. मात्र हसायचं असेल तर जपून हसा. टाचा प्रत्येकाला दोन-दोन दिलेल्या आहेत आणि बिघडायच्या आधी त्या सांगावा धाडत नाहीत.

मी भोरचा दस्तगीर मण्यार. बांगड्या भरतो. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत आणि राजगडाच्या पायथ्याला गुंजवण्यापर्यंत जेवढ्या म्हणून बायका आहेत, त्यांतल्या निम्म्यांचे हात मी माझ्या हातात धरलेले आहेत, आणि तेही त्यांच्या नवऱ्यांच्या देखत. फौजदाराचीसुद्धा ती छाती नाही.

आमच्या धंद्याला हाताइतकंच तोंड लागतं. बाईचा हात ताठ असला की बांगडी अंगठ्याखालच्या हाडाशी अडते आणि पिचते. मग मी गोष्ट काढतो. वेल्ह्याच्या वाटेवर मला भेटलेली चाळीस हात लांबीची धामण, नदीच्या पुरातून पेटाऱ्यावर बसून केलेला प्रवास, असं काहीबाही. बाई हसायला लागली की हात लोण्यासारखा मऊ होतो आणि तिच्या नकळत बांगडी मनगटात जाऊन बसते. म्हणजे मी थापा मारतो त्या पोटासाठी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं दुखणं जेवढं टाचेनं वाढवलं, त्याहून जास्त त्या थापांनी वाढवलं.

खिळा

भाद्रपदात, गौरींच्या आधी, बांगड्यांची मागणी जोरात असते. पाच दिवस मी वेल्हे खोऱ्यात फिरत होतो. डाव्या खांद्यावर बांगड्यांच्या माळांचं गाठोडं, पाठीला पेटारा. घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी उठून डावा पाय खाली टेकला, तर बैलाच्या नालाचा खिळा कुणीतरी टाचेत घणानं ठोकला. मी असा ओरडलो की शेजारच्या आळीतल्या कोंबड्या तीन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. बायको, हलीमा, चुलीपाशी होती. ती पिठाच्या हातानं धावत आली. तिनं टाच पाहिली. काटा नाही, सूज नाही, काही नाही.

दहा-बारा पावलं चाललो आणि खिळा विरघळला. मला वाटलं, गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. हे दुखणं फार लबाड आहे, माझ्याहूनही. दिवसा लपतं, पाहुण्यांसमोर तोंड दाखवत नाही, आणि सकाळी तुम्ही एकटे असलात की बरोबर गाठतं. महिन्याभरात माझी अशी अवस्था झाली की फटफटीत उजाडलं तरी मी पाय पोटाशी घेऊन पडून राहायचो. माझ्या अंथरुणापासून दारापर्यंत सात पावलं. त्या सात पावलांचं मला इतकं भय वाटे, जितकं भरल्या नदीचंही कधी वाटलं नव्हतं.

बिबट्या आणि इतर

आता लंगडणाऱ्या माणसाला लोक विचारणारच. मार्गासनीला जोडे आणि मोटा शिवणारे रामभाऊ आहेत. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, बिबट्यानं टाचेला पंजा मारला. वेल्ह्याला सांगितलं, राजगडाच्या कड्यावरून उडी मारावी लागली. गुंजवण्याला सोनाबाईंच्या ओसरीवर सांगितलं की नाग चावला, पण माझं रक्त पिऊन तोच मेला. सगळ्या हसल्या. सगळ्यांचे हात मऊ झाले. एकही बांगडी वाया गेली नाही.

सोनाबाई म्हणजे गुंजवण्यातलं मोठं घर. त्यांच्या शब्दावर त्या बाजूच्या पाच-सहा वाड्यांतल्या बायका माझ्यापुढे हात करतात. त्यांची धाकटी लेक वत्सला, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिच्या पहिल्या बांगड्या मीच भरल्या होत्या, मूठभर हात होता तेव्हा. लग्नाचा हिरवा चुडाही मीच भरायचा, असा शब्द मी दिला होता. तोवर टाच सुतासारखी सरळ होईल असं मला वाटत होतं.

बिब्बा

घरगुती उपाय सगळे झाले. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून त्यावर टाच शेकली. त्यानं घटकाभर बरं वाटे. एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला सगळं दुप्पट करायची खोड. कुणीतरी बिब्बा घालायला सांगितला. शहाणा माणूस बिब्ब्याचं तेल टिपकाभर लावतो आणि सोडतो. मी नऊ दिवस लावला. टाच भाजली, फोड आला, फोड फुटून पाणी वाहिलं, आणि खपली धरली तेव्हा तिच्याभोवती रुपयाएवढा पांढुरका डाग उरला.

एका सकाळी त्या डागावर पिचलेल्या बांगडीची कड लागली. दिसली, पण लागलेली कळली नाही. मी पुन्हा टोचून पाहिलं. रक्ताचा थेंब आला. दुखलं नाही.

बसल्या जागी माझ्या अंगातलं पाणी आटलं.

पांढरा डाग आणि त्यात जाण नाही. याचा अर्थ आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतो. तो शब्द मी मनातसुद्धा उच्चारला नाही. मी बांगड्या भरणारा माणूस. बायका माझ्या हातात हात देतात. तो रोग ज्याला आहे त्याच्या हातात कोण हात देईल? गावाबाहेर झोपडी बांधून राहणारे, बोटं गळलेले लोक मी वाटेनं पाहिलेले होते. त्यांच्यापुढे लोक लांबून भाकरी टाकायचे. मीही लांबूनच टाकली होती.

त्या दिवसापासून मी माझी थाळी वेगळी केली. पाण्याचा गडवा वेगळा ठेवला. आमची बानू चार वर्षांची, मी दारात आलो की मांडीवर चढायची. मी तिला ढकलून दिलं. ती रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. हलीमाला वाटलं, मी तिच्यावर रागावलोय. ती चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी भांडली. मी काय सांगणार? ज्या तोंडानं आख्ख्या खोऱ्याला नाग आणि बिबटे विकले, त्या तोंडातून चार अक्षरं बाहेर पडेनात.

बाजार

मग आठवड्याच्या बाजारात जे व्हायचं ते झालं. मार्गासनीची एक, वेल्ह्याची एक आणि गुंजवण्याची एक अशा बायका एका मिठाच्या दुकानी भेटल्या. माझ्या पायाची चौकशी निघाली. एकीनं बिबट्या सांगितला, दुसरीनं कडा, तिसरीनं नाग. तिघी हसल्या. आणि मग म्हणे एकदम हसायच्या थांबल्या. एका टाचेसाठी माणूस तीन थापा मारतो, म्हणजे खरं काय ते फार वाईट असलं पाहिजे.

हलीमा तिथंच मीठ घ्यायला उभी होती. तिनं सगळं ऐकलं. घरी आली, पिशवी ठेवली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"सोनाबाईनं निरोप धाडलाय," ती म्हणाली. "वत्सलाच्या चुड्याला दुसरा मण्यार बगत्यात. बाजारात तुमच्या पायाबद्दल काय बोलतायत ते मी तोंडानं काढणार न्हाई. पाय दावा."

मी पाय मागे घेतला. तिनं तो ओढून मांडीवर घेतला. मी ओरडलो की शिवू नको. ती म्हणाली, "तेरा वर्सं शिवतीय." आणि तिनं त्या डागावर अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठून माझा सदरा काढून दिला आणि म्हणाली, दवाखान्यात चला.

टाचणी

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. माझ्या पुढे नऊ माणसं होती. मी देवाकडे मागत होतो की ती नव्वद होवोत. कंपाउंडर दार उघडून "पुढचा" म्हणे आणि प्रत्येक वेळी मी बाकाच्या टोकाकडे सरकायचो. शेवटी मीच पुढचा झालो.

डॉक्टरसाहेब कमी बोलणारे होते. त्यांनी माझ्या भुवया पाहिल्या, कानाच्या पाळ्या चाचपल्या, गुडघ्यामागची शीर दाबली. मला कळलं ते काय शोधतायत. मग म्हणाले, "डोळे मीट. टोचतंय की नुसतं टेकतंय, ते सांग."

टाचणी अंगठ्याला लागली. टोचलं. बोटांना, घोट्याला, तळव्याच्या कडेला, सगळीकडे टोचलं. मग काहीच झालं नाही. मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तर टाचणी डागावर होती.

"बिब्बा किती दिवस लावलास?"

मी म्हणालो, एकच दिवस. सवयीनं तोंडातून गेलं.

त्यांनी टाचणी बशीत ठेवली. "हे बघ, इथं खोटं बोललास तर मी चुकीचं निदान करीन आणि ते तुला जन्मभर पुरेल. किती दिवस?"

"नऊ," मी म्हणालो.

गेल्या कित्येक महिन्यांत मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य, आणि ते एका शब्दाचं होतं.

डॉक्टरसाहेबांनी मान हलवली. म्हणाले, कातडं जळून मेलंय, मेलेल्या कातड्याला काय कळणार. आजूबाजूला सगळी जाण शाबूत आहे. महारोग नाही. टाच दुखते ती वेगळ्याच कारणानं. तळपायाची कमान वर्षानुवर्षं ओझ्यानं बसली आहे आणि टाचेला ताण पडतो आहे. खपलीखाली मात्र पू झालाय, तेव्हा आधी इथं खाटेवर झोप.

मी पुढचं ऐकलंच नाही. व्हरांड्यात हलीमा खांबाला टेकून उभी होती. तिला 'न्हाई' एवढंच म्हणालो. तिनं पदर तोंडाला लावला. ती जिवंत माणसासाठी रडतात तशी रडत नव्हती, मेलेला परत आल्यावर रडतात तशी रडत होती.

बारा दिवस

दवाखान्यात बारा दिवस काढले. सकाळी कंपाउंडर पट्टी सोडायला येई. त्याच्या ताटलीतल्या चिमट्याचा आवाज मला व्हरांड्याच्या पलीकडून ओळखू यायचा आणि त्या आवाजानंच मला घाम फुटे. पट्टी सुटताना मी एवढ्या मोठ्यानं कण्हायचो की शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा ताप उतरला असावा. दुपारी हलीमा भाकरी आणि मुगाची आमटी घेऊन येई. तिसऱ्या दिवशी तिनं बानूला आणलं. पोर खाटेजवळ उभी राहिली, पण वर चढेना. मी ढकललं होतं ते तिच्या ध्यानात होतं. मी हात पुढे केला. तिनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग चढली. त्या दिवशी कंपाउंडर आला तेव्हा मी कण्हलो नाही.

भीती मात्र गेली नव्हती. तिनं फक्त जागा बदलली. निघताना डॉक्टरसाहेबांनी सांगितलं की तळव्याला खालून आधार हवा. पुण्यात लष्कर भागातल्या बुटांच्या दुकानात तयार कमानी मिळतात, त्या जोड्यात घालता येतात. नाहीतर कातडं जाणणाऱ्या एखाद्या कारागिराकडून आपल्या पायाबरहुकूम गादी करून घ्यावी. दोन्हींतलं काय ते तुझं तू ठरव. पण आधाराशिवाय ओझं घेऊन चाललास तर वर्षाच्या आत काठी हातात येईल.

काठी धरलेल्या हातानं बांगडी भरता येत नाही. मला दोन्ही हात लागतात.

लाल डबी

हलीमाचं म्हणणं सरळ होतं. मार्गासनीच्या रामभाऊंकडून करून घ्या. त्यांनी शिवलेली मोट वीस वर्षं विहिरीत वरखाली होते तरी उसवत नाही.

मी ऐकलं नाही, आणि का ऐकलं नाही ते आज लिहितो. मला मार्गासनीला तोंड दाखवायचं नव्हतं. रामभाऊंना मी बिबट्या सांगितला होता. त्यांनी पाय हातात घेतला असता, डाग पाहिला असता, आणि बाजारातली गोष्ट त्यांच्यापर्यंत गेलेलीच असणार. पुण्यात मला कुणी ओळखत नव्हतं. तेव्हा हलीमाला मी सांगितलं की पुण्याचा माल विलायती असतो, गोरे साहेब तोच घालतात, आणि साहेब कधी लंगडताना दिसतो का?

सर्व्हिस मोटारीनं गेलो. शिवऱ्यापाशी मोटार तापली तेव्हा सगळे उतरून पाय मोकळे करत होते. मी एकटाच बसून राहिलो, उतरताना लंगडलेलं कुणी पाहू नये म्हणून.

दुकान असं चकचकीत की जोडे दाराबाहेर काढावेसे वाटले. मला खुर्चीवर बसवलं. एका लाकडी पट्टीवर माझा उजवा पाय ठेवून त्यांनी आकडा वाचला: सात. लाल डबीतून एक जोडी काढली. आत पोलादाची पातळ कमान, वर मऊ कातडं, आणि डबीवर हसणाऱ्या साहेबाचं चित्र. नवा बूटही घेतला, कारण माझ्या वहाणेत ती बसली नसती. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर वीस पावलं चाललो. काय सांगू, तरंगलो.

भोरच्या पेठेत चार दिवस तरंगत होतो. पाचव्या दिवशी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि मार्गासनीची वाट धरली. गावात न शिरता बाहेरून जायचा बेत होता. दोन कोस ठीक गेले. मग डाव्या तळव्याखालची कमान ओझ्यानं रुतायला लागली. पुढे तिची कड सुरीसारखी लागली. आणि मग लागायची थांबली.

तिथं मी घाबरलो. दुखत होतं तोवर धीर होता. पाय सुन्न झाला, आणि डॉक्टरसाहेबांची टाचणी, ती बशी, तो 'नाही' हा शब्द, सगळं खोटं वाटायला लागलं. त्यांची चूक झाली असेल. मी आधी खोटं बोललो म्हणून झाली असेल. वाटेच्या कडेला बांधावर बसलो, बूट काढला. तळवा पांढराफटक पडला होता, कमानीच्या आकाराची खाच पडली होती. मी बोटानं चिमटा काढला. काही कळेना. इथूनच परत फिरावं, घरी न जाता कुठंतरी लांब जावं, असंही मनात येऊन गेलं. ते मी हलीमाला आजवर सांगितलेलं नाही. हे वाचून तिला कळेल.

मोटेचं कातडं

"बिबट्यानं पंजा कुटं मारला हुता, दाव बगू."

मागं रामभाऊ उभे होते. दुरुस्तीला आणलेली जुनी मोट खांद्यावर. पळायची सोय नव्हती. मी बूट घालायला लागलो तर त्यांनी मोट खाली टाकली आणि माझ्या समोर उकिडवे बसले. पाय हातात घेतला. डागावर त्यांची नजर थांबली. बाजारातलं त्यांनी ऐकलं होतंच, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"रामभाऊ, बिब्बा आहे तो," मी म्हणालो. "नऊ दिवस लावला. बिबट्या नव्हता."

ते अंगठ्यानं टाच दाबत गेले. एका जागी मी बांधावरून हातभर उडालो.

"म्हंजी जित्ता हाय पाय," ते म्हणाले. "बिबट्या लई कनवाळू दिसतोय तुजा, कातडं सोडून बरुबर आतनंच चावला." मग बूट उचलला, आतली कमान काढून उन्हात धरली. "ह्ये कुणाच्या मापाचं?"

मी सांगितलं, माझ्याच. खुर्चीवर बसवून मोजलं, सात नंबर.

"दोनी पाय मोजलं?"

"एक. उजवा."

रामभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला बिबट्या परवडला असता. "बायांचं हात बी एकच मोजतोस व्हय रं?"

वीस वर्षं मी हात दाबून माप काढतो आहे. कुठल्याही बाईचे दोन्ही हात सारखे नसतात. जो हात जातं ओढतो, पाणी शेंदतो, तो रुंद असतो. नवखा मण्यार एका हाताच्या मापानं डझन काढतो आणि दुसऱ्या हातात निम्म्या पिचवतो. त्याला मी भर बाजारात हसलोय. आणि स्वतःचे पाय मात्र डबीवरचा आकडा वाचून विकत घेतले.

काही वेळानं तळव्याला मुंग्या आल्या. इतक्या गोड मुंग्या मला आयुष्यात कधी आल्या नव्हत्या.

रामभाऊंच्या अंगणात त्यांनी नदीची गाळवट माती भिजवून दोन ठिकाणी सपाट थापली. मी उभा राहिलो, ठसे उमटले. ते वाकून बघत बसले आणि मग माझ्या गाठोड्याकडे बोट केलं. ओझं खांद्यावर घे, म्हणाले, पेटारा बी. पुन्हा माती सारखी केली, पुन्हा उभा राहिलो. डावा ठसा आधीपेक्षा बोटभर रुंद आला आणि मधली कमान पार बुडाली. उजव्याला फारसा फरक नव्हता.

"मगाचा पाय पाव्हण्याचा," रामभाऊ म्हणाले. "ह्यो तुजा."

जुन्या मोटेचं कातडं वर्षानुवर्षं पाण्यात भिजून असं मुरलेलं असतं की ते ना कडक पडतं ना चिरतं. त्याचे तुकडे त्यांनी दगडावर ठोकून, त्या ठशावर दाबून, एकावर एक बसवले. डाव्याला चार थर, उजव्याला तीन. मध्ये घोंगडीचा तुकडा. टाचेखाली, जिथं मी उडालो होतो तिथं, अंगठ्याएवढी पोकळी ठेवली. मेण लावलेल्या दोऱ्यानं माझ्याच जुन्या वहाणांत शिवून टाकलं. दिसायला असं की कुत्र्यानंही उचलून नेलं नसतं.

पहिल्या दिवशी काही तरंगलो नाही. उलट टोचलं. तीन वेळा जाऊन कातडं खरवडून घ्यावं लागलं, आणि दर वेळी रामभाऊंनी मला ओझ्यासकट अंगणात चालवलं. खिळाही एकदम गेला नाही. फाल्गुन सरेपर्यंत सकाळी हजेरी लावत होता, पण टोक बोथट झालं होतं. ज्याला हे दुखणं आहे त्याला एवढंच सांगतो: तयार घ्या नाहीतर करून घ्या, पण जे ओझं रोज वाहता ते घेऊन उभे राहा आणि मग माप द्या. आणि दोन्ही पाय मोजा. लाल डबी वाईट नव्हती. ती दुसऱ्या कुणाच्या तरी पायाची होती.

गुंजवणे

वैशाखात, लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी, मी न बोलावता गुंजवण्याला गेलो. सारी वाट टाचेनं काही म्हटलं नाही, पण डोक्यात एकच होतं: दुसरा मण्यार ठरला असेल तर तो ओसरीवर बसलेला दिसेल. दिसला नाही. तो दुपारी यायचा होता.

ओसरीवर दहा-बारा बायका होत्या. मी गाठोडं उतरवलं. एरवी त्या माझ्याभोवती गोळा होत. आज कुणी पुढे झालं नाही. एकीनं आपलं पोर जवळ ओढलं.

सोनाबाई जात्यापासून उठून आल्या. "पायाला काय झालंय दादा? खरं सांग."

माझ्या तोंडात बारा उत्तरं तयार होती. मी वहाण काढली आणि पाय पुढे केला. "टाच दुखत होती," मी म्हणालो. "बिब्बा लावून भाजली. डॉक्टरांनी टाचणीनं टोचून बघितलं. दुसरं काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

"तुजं खरं आमी कदी ऐकलंय, म्हणून आज वळखू?"

मी पाय मागे घेतला नाही, एवढंच मला करता आलं. सोनाबाई खाली वाकल्या, डाग पाहिला. मग वहाण उचलून आतले थर बोटानं मोजले. डाव्याचे चार, उजव्याचे तीन. पुन्हा मोजले.

"ह्ये रामभाऊचं काम," त्या म्हणाल्या. "त्यो तुज्यासाठी खोटं शिवणार न्हाई."

त्या माझ्यासमोर मांडी घालून बसल्या आणि आपला हात माझ्या हातात दिला. आधी आपला, लेकीचा नंतर. मी अंगठ्याखालचं हाड दाबलं. चार हिरव्या बांगड्या चढेपर्यंत मी कलमा पुटपुटत होतो. चारही गेल्या. एकही पिचली नाही. त्यांनी हात वर करून खुळखुळवला, बांगड्यांना नमस्कार केला आणि मागे वळून हाक मारली, "वत्सले, बस."

वत्सलाचा हात बर्फासारखा गार आणि ताठ होता. लग्नाची पोर, त्यात माझ्याबद्दल काय-काय ऐकलेलं. पहिली बांगडी हाडाशी अडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड मिटून होतो. यापुढे या घरात एक अक्षर खोटं बोलायचं नाही, असं मी वाटेतच ठरवलं होतं.

"गप का रं बसलाईस?" सोनाबाई म्हणाल्या. "पोरीचा हात लागतोय. सांग की कायतरी."

"काय सांगू?"

ओसरीवरच्या बायका आता जवळ सरकल्या होत्या. ज्या पोराला मघाशी ओढून घेतलं होतं, ते माझ्या पेटाऱ्याला टेकून उभं होतं. वत्सलानं नाक पुसलं आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

"मामा, नागाचं ऐकलंय. बिबट्याचं सांगा."

मी तिचा हात घट्ट धरला. "बिबट्या एक नव्हता," मी म्हणालो. "दोन होते."